बंगालच्या उपसागरात आलेल्या चार जपानी विनाशिका

वाशिम जिल्ह्यातील कारंजा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बाजारपेठेचे नशीब जहाजांशी बांधलेले होते. कारंज्याहून 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीने मूर्तिजापूर, तेथून मोठ्या लाइनने मुंबई आणि मुंबईहून बोटीने जपान, हा वऱ्हाडी कापसाचा एक मोठा मार्ग होता. अमरावतीच्या नावावरून जगाच्या बाजारात 'उमरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आखूड धाग्याच्या कापसाला जपानी गिरण्यांची मोठी मागणी असे. १९३३ मध्ये जपानने भारतीय कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्याची झळ थेट वऱ्हाडातील शेतकऱ्याला लागली. पुढच्याच वर्षी करार झाला. जपानने दहा लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्या बदल्यात भारतात ३२ कोटी ५० लाख वार कापड विकावे, असे त्याचे साधारण स्वरूप होते. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने जपानची मालमत्ता गोठवली आणि हा व्यापार थांबला.

त्यानंतर नऊ महिन्यांनी जपानी जहाजे पुन्हा भारतीय किनाऱ्याजवळ आली. या वेळी त्या युद्धनौका होत्या.

६ एप्रिल १९४२ रोजी ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यालगत व्हाइस ॲडमिरल जिसाबुरो ओझावा यांच्या ताफ्याने एकाच दिवसात व्यापारी जहाजांची धूळधाण उडवली. कोलकाता बंदरात अडकून पडण्यापेक्षा बाहेर पडलेली बरी, म्हणून ही जहाजे किनाऱ्याकिनाऱ्याने निघाली होती. त्यांच्या सोबत संरक्षक नौका नव्हत्या. ओझावांनी आपला ताफा तीन तुकड्यांत विभागला. उत्तरेकडे कुमानो व सुझुया या क्रूझर आणि शिराकुमो ही विनाशिका. मध्यभागी चोकाई व युरा या क्रूझर, र्‍युजो ही विमानवाहू नौका आणि तिच्या सोबत आसागिरी व युगिरी. दक्षिणेकडे मिकुमा, मोगामी आणि आमागिरी. र्‍युजोवरील विमानांनी त्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले. या मोहिमेच्या मोजक्या दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडाली. अंदमान बेटे त्यापूर्वीच, २३ मार्च रोजी जपानच्या हाती गेली होती. दुसरीकडे ॲडमिरल नागुमो यांच्या विमानवाहू नौका श्रीलंकेवर हल्ले करीत होत्या. ब्रिटिश ईस्टर्न फ्लीटचे प्रमुख ॲडमिरल सॉमरव्हिल यांना आपल्या संथ युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोंबासाजवळ पाठवाव्या लागल्या. वॉरस्पाइट ही युद्धनौका, विमानवाहू नौका आणि वेगवान जहाजे एप्रिलच्या मध्यास मुंबईत आली. बंगालचा उपसागर काही काळ जपानला मोकळा होता.

या मोहिमेत सर्वाधिक नाव झाले ते क्रूझरचे आणि विमानांचे. परंतु जपानी नौदलाने स्वतःच्या भविष्याची खरी पैज लावली होती ती त्या ताफ्यातील चार लहान नौकांवर. आमागिरी, आसागिरी, युगिरी आणि शिराकुमो या चौघी मिळून विसावी विनाशिका तुकडी होत असे. जपानी विनाशिकांना निसर्गातील गोष्टींची नावे देण्याची प्रथा होती. आमागिरी म्हणजे आकाशातील धुके, आसागिरी म्हणजे सकाळचे धुके, युगिरी सायंकाळचे धुके आणि शिराकुमो म्हणजे पांढरा ढग. पुढील दोन वर्षांत या चारही नौका समुद्राच्या तळाशी गेल्या. प्रत्येकीचा शेवट वेगळ्या कारणाने झाला आणि त्या कारणांत जपानी विनाशिकेच्या आराखड्याचे गुणदोष एकत्र दिसतात.

एका रात्रीसाठी बांधलेली नौका

विनाशिका हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मला. पाणतीर, म्हणजेच टॉर्पेडो, डागणाऱ्या छोट्या बोटी मोठ्या युद्धनौकांना धोकादायक ठरू लागल्या, तेव्हा त्या बोटींचा नाश करण्यासाठी थोडी मोठी, वेगवान नौका हवी होती. ब्रिटनने १८९३ मध्ये अशी पहिली नौका उतरवली. लवकरच पाणतीर डागण्याचे कामही याच नौकेकडे आले आणि मूळ शत्रू असलेली बोट मागे पडली. जपानने आपल्या सुरुवातीच्या विनाशिका ब्रिटिश गोद्यांतूनच विकत घेतल्या होत्या. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत दिवसभराच्या तोफयुद्धानंतर रात्री जपानी विनाशिकांनी रशियन ताफ्यावर पाणतीरांचे हल्ले केले. त्या रात्रीची आठवण जपानी नौदलाच्या मनातून पुढे चाळीस वर्षे गेली नाही.

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्यात ५:५:३ असे ठरले. जपानच्या वाट्याला कायमचे दुय्यमत्व आले. त्यावर जपानी नौदलाने काढलेला तोडगा असा : अमेरिकेचा ताफा प्रशांत महासागर ओलांडून येईल, तेव्हा वाटेत पाणबुड्या आणि विमानांनी त्याची संख्या घटवायची, अखेरच्या लढाईच्या आदल्या रात्री विनाशिका आणि क्रूझर यांनी त्यावर पाणतीरांचा वर्षाव करायचा आणि उजाडल्यावर उरलेल्या ताफ्याशी आपल्या युद्धनौकांनी सामना करायचा. या योजनेतील ती एक रात्र जिंकण्यासाठी कशी नौका लागेल, याचे उत्तर म्हणजे फुबुकी वर्ग.

१० ऑगस्ट १९२८ रोजी फुबुकी, म्हणजे हिमवादळ, नौदलात दाखल झाली आणि जगभरच्या नौदल तज्ज्ञांना आपल्या कोष्टकांत दुरुस्ती करावी लागली. लांबी ११८ मीटर, अधिकृत वजन सुमारे १,७०० टन, ५० हजार अश्वशक्तीची इंजिने, वेग ३८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर. १२७ मिलिमीटरच्या सहा तोफा तीन बंदिस्त बुरुजांत जोडीजोडीने बसवलेल्या होत्या. त्या काळी इतर देशांच्या विनाशिकांवर तोफखान्याचे सैनिक उघड्यावर, लाटांचे तडाखे खात उभे असत. येथे वारा आणि पाणी यांपासून त्यांचा बचाव होत होता. ६१० मिलिमीटर व्यासाचे पाणतीर डागणाऱ्या नऊ नळ्या हे मुख्य शस्त्र. ब्रिटिश आणि अमेरिकी विनाशिकांचे पाणतीर ५३३ मिलिमीटरचे होते. या वर्गाच्या चोवीस नौका बांधल्या गेल्या. शिराकुमो त्यांपैकी पहिल्या गटातील, तर आमागिरी, आसागिरी आणि युगिरी १९३० मध्ये पूर्ण झालेल्या दुसऱ्या गटातील. या दुसऱ्या गटाच्या तोफा ७५ अंशांपर्यंत वर उचलता येत असत, म्हणजे कागदोपत्री त्या विमानांवरही चालत. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी गोळा भरण्यासाठी तोफेची नळी खाली आणावी लागे आणि बुरूज फिरण्याचा वेगही कमी होता. विमान तेवढा वेळ थांबत नसे.

१९३० च्या लंडन कराराने विनाशिकांवरही मर्यादा आणली. जपानच्या वाट्याला एकूण १ लाख ५ हजार ५०० टन आले, अमेरिकेला दीड लाख. नौका कमी म्हणून प्रत्येक नौकेवर अधिक शस्त्रे, असा आग्रह वाढत गेला. वजन कमी ठेवण्यासाठी सांगाडे हलके केले, तोफा आणि कक्ष उंच रचले. समुद्राने याचा हिशेब लवकरच मागितला. १२ मार्च १९३४ रोजी तोमोझुरू ही नवी कोरी पाणतीर बोट सासेबोजवळ वादळात उलटली. आणि २६ सप्टेंबर १९३५ रोजी सरावासाठी निघालेला चौथा ताफा चक्रीवादळात सापडला, तेव्हा हात्सुयुकी आणि युगिरी या फुबुकी वर्गातील दोन नौकांच्या नाळा लाटांनी अक्षरशः तोडून नेल्या. होय, हीच ती युगिरी, जी साडेसहा वर्षांनंतर बंगालच्या उपसागरात आली. जपानी नौदलाने त्यानंतर साऱ्या नौका तपासल्या, सांगाडे मजबूत केले, वरचे वजन उतरवले. फुबुकी वर्गाचे वजन दोन हजार टनांच्या वर गेले आणि वेग ३४ नॉटच्या आसपास आला. ही दुरुस्ती युद्धापूर्वी झाली, हे जपानी खलाशांचे भाग्यच म्हणायला हवे.

याच सुमारास जपानी अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट साधली. साधा पाणतीर इंधन जाळण्यासाठी हवा वापरी. हवेत प्राणवायू थोडा आणि नायट्रोजन फार. हा नायट्रोजन जळत नाही आणि पाण्यावर बुडबुड्यांची पांढरी रेघ सोडतो. जपानने शुद्ध प्राणवायूवर चालणारा पाणतीर तयार केला. स्फोटांच्या धोक्यामुळे इतर देशांनी हा नाद सोडला होता. 'टाइप ९३' असे त्याचे नाव. पूर्ण वेगाने तो सुमारे २० किलोमीटर आणि कमी वेगाने सुमारे ४० किलोमीटर जाई, रेघ जवळजवळ दिसत नसे आणि त्याच्या टोकाला ४९० किलो स्फोटके असत. नंतरच्या आसाशिओ, कागेरो आदी वर्गांच्या विनाशिका याच शस्त्राभोवती उभारल्या गेल्या. त्यांवर राखीव पाणतीर लढाई चालू असतानाच पुन्हा भरण्याची सोयही होती.

या तयारीचे चीज एकदा तरी पुरेपूर झाले. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ग्वादालकॅनाल बेटाजवळ तासाफारोंगा येथे रिअर ॲडमिरल रायझो तनाका यांच्या आठ विनाशिकांची गाठ अमेरिकेच्या पाच क्रूझर आणि सहा विनाशिकांशी पडली. तनाकांच्या नौकांवर अन्नधान्याची पिंपे लादलेली होती. अमेरिकी तोफांनी ताकानामी ही एक विनाशिका बुडवली. पण त्या तोफांच्या झगझगाटाच्या दिशेने सुटलेल्या जपानी पाणतीरांनी नॉर्थहॅम्प्टन ही क्रूझर बुडवली आणि मिनियापोलिस, न्यू ऑर्लिन्स व पेन्साकोला या तीन क्रूझर कित्येक महिन्यांसाठी निकामी केल्या. हा विजय मिळवताना जपानी विनाशिका पिंपे वाहून नेत होत्या, ही बाब मात्र नजरेआड करण्यासारखी नाही.

चौघींचा शेवट

ज्या रात्रीसाठी या नौका बांधल्या, ती रात्र कधी आलीच नाही. युद्ध चालले ते बेटांवरील विमानतळांसाठी आणि त्या बेटांना रसद पोचवण्यासाठी. दिवसा आकाशात अमेरिकी विमाने असत, म्हणून जपानने सैनिक आणि रसद रात्री वेगाने पोचवण्याचे काम विनाशिकांवर टाकले. अमेरिकी सैनिक या फेऱ्यांना 'टोकियो एक्सप्रेस' म्हणत.

२८ ऑगस्ट १९४२ रोजी विसावी तुकडी अशाच एका फेरीवर सैनिक घेऊन ग्वादालकॅनालकडे निघाली होती. अंधार पडण्यापूर्वीच अमेरिकी सूरबाँबर विमानांनी तिला गाठले. आसागिरीच्या पाणतीरांच्या नळ्यांवरच बॉम्ब पडला आणि नौका स्फोटात नष्ट झाली. तिचे मुख्य शस्त्रच तिच्या नाशाला कारण झाले. शिराकुमो निकामी झाली. तिला आमागिरीने ओढून माघारी नेले. युगिरीचेही नुकसान झाले. बंगालच्या उपसागरातील विजयाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

युगिरीचा अंत २५ नोव्हेंबर १९४३ रोजी सेंट जॉर्ज भूशिराजवळ झाला. बुका बेटावरून सैनिक परत आणणाऱ्या पाच जपानी विनाशिकांना कॅप्टन आर्ले बर्क यांच्या पाच अमेरिकी विनाशिकांनी अंधारात रडारवर आधी पाहिले. बर्क यांचे पाणतीर पोचेपर्यंत जपानी नौकांना शत्रूची चाहूल नव्हती. ओनामी, माकिनामी आणि युगिरी बुडाल्या. अमेरिकेची एकही नौका गेली नाही. रात्रीच्या लढाईसाठी जपानने खलाशांच्या डोळ्यांना वर्षानुवर्षे तालीम दिली होती, उत्तम दुर्बिणी बनवल्या होत्या. रडारने ही आघाडी एका वर्षात पुसली. त्याच ऑगस्टमध्ये व्हेला आखातात आणखी तीन जपानी विनाशिका याच पद्धतीने बुडाल्या होत्या.

शिराकुमो दुरुस्त होऊन उत्तरेला गेली. १६ मार्च १९४४ रोजी होक्काइदोजवळ सैनिकवाहू काफिल्याचे रक्षण करीत असताना टॉटॉग या अमेरिकी पाणबुडीच्या पाणतीराने ती बुडाली. तिच्यावरील कोणीही वाचले नाही. पाणबुड्यांपासून काफिल्याचे रक्षण करण्यासाठी नेमलेली नौका पाणबुडीलाच बळी पडली, यात जपानी विनाशिकेचे सर्वांत मोठे दुबळेपण दडले आहे. पाण्याखालचा आवाज टिपणारी यंत्रे, डेप्थ चार्ज म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारे सुरुंग, ते टाकण्याचे प्रशिक्षण, या साऱ्या बाबी तेथे दुय्यम मानल्या गेल्या होत्या. आयात केलेल्या तेलावर, धातूंवर आणि धान्यावर जगणाऱ्या बेटांच्या देशाने आपल्या व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय उघडले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये, युद्धाला दोन वर्षे होत आली तेव्हा. ओझावांनी एप्रिल १९४२ मध्ये विनारक्षण व्यापारी जहाजांचे काय होते, हे स्वतः करून दाखवले होते. तो धडा जपानी नौदलाने स्वतःला लावून पाहिला नाही, याचे आश्चर्य वाटते.

आमागिरीचे नाव जगाला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. २ ऑगस्ट १९४३ च्या पहाटे सॉलोमन बेटांतील ब्लॅकेट सामुद्रधुनीत तिने पीटी-१०९ ही अमेरिकी पाणतीर बोट धडकेने दुभंगली. त्या बोटीचे कप्तान जॉन एफ. केनेडी पोहत बेटावर पोचले आणि सतरा वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. आमागिरी स्वतः २३ एप्रिल १९४४ रोजी मकासर सामुद्रधुनीत पाणसुरुंगावर आदळून बुडाली. तिला बुडायला दोन तासांहून अधिक वेळ लागल्याने बहुतेक खलाशी वाचले. १९३५ नंतर मजबूत केलेला सांगाडा येथे कामी आला असे म्हणता येईल. तिचे अवशेष २००३ मध्ये सापडले.

जपानला चूक कळली नाही असे नाही. १९४४ पासून मात्सू वर्गाच्या साध्या, २८ नॉटच्या, लवकर बांधता येणाऱ्या विनाशिका गोद्यांतून बाहेर पडू लागल्या. त्या रूपाने आकर्षक नव्हत्या, पण काफिल्याच्या कामाला योग्य होत्या. या वर्गाच्या आणि त्याच्या सुधारित आवृत्तीच्या मिळून बत्तीस नौका पूर्ण झाल्या. तोवर ज्यांचे रक्षण करायचे ती व्यापारी जहाजेच फारशी उरली नव्हती.

१६ मे १९४५ च्या पहाटे मलाक्काच्या सामुद्रधुनीत एक चमत्कारिक लढाई झाली. हागुरो या जपानी क्रूझरला पाच ब्रिटिश विनाशिकांनी अंधारात चारी बाजूंनी घेरले आणि पाणतीरांनी बुडवले. जपानने वीस वर्षे ज्या लढाईची तालीम केली, ती हिंदी महासागराच्या उंबरठ्यावर ब्रिटिशांनी जिंकली. हागुरोसोबत कामिकाझे ही १९२२ मधील जुनी विनाशिका होती. ती निसटली आणि नंतर परतून तिने पाण्यातील खलाशांना उचलले.

मुंबईत आलेल्या तीन नौका

ज्या ब्रिटिश विनाशिकांनी १९४४-४५ मध्ये जपानकडून हा समुद्र परत घेतला, त्यांतील तीन पुढे भारताच्या झाल्या. रॉदरहॅम, रिडाउट आणि रेडर या ईस्टर्न फ्लीटमधील 'आर' वर्गाच्या नौका. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरचा नौदल तळ जपान्यांकडून ताब्यात घेण्याचे काम रॉदरहॅमच्या कप्तानावर सोपवले होते. १९४९ मध्ये या तिन्ही नौका भारताने घेतल्या आणि राजपूत, रणजित व राणा या नावांनी त्या भारतीय नौदलाच्या पहिल्या विनाशिका ठरल्या.

फुबुकी आणि राजपूत शेजारी ठेवून पाहिल्या तर शस्त्रांत जपानी नौकाच वरचढ दिसते. राजपूतवर तोफा चार, त्याही १२० मिलिमीटरच्या. पाणतीरांच्या नळ्या आठ आणि लहान. मात्र रडार, पाण्याखालचा शोध घेणारे सोनार आणि भरपूर डेप्थ चार्ज हे तिच्या आराखड्यात पहिल्यापासून होते. ॲटलांटिकमधील पाणबुड्यांनी ब्रिटिशांना ते शिकवले होते. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री, बांधणीनंतर एकोणतीस वर्षांनी, राजपूतने विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर पाण्यात हालचाल दिसताच डेप्थ चार्ज टाकले. 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी त्या रात्री तेथे बुडाली. गाझी आपल्याच सुरुंगांच्या स्फोटाने बुडाली असे पाकिस्तान सांगतो. भारतीय नौदल तिचे श्रेय राजपूतला देते. बंदर तेच, ज्यावर ६ एप्रिल १९४२ रोजी र्‍युजोची विमाने आली होती.

जुन्या राजपूतची सेवा १९७६ मध्ये संपली. त्यानंतर विनाशिका भारतातच बांधण्याचे काम मुंबईच्या माझगाव गोदीने हाती घेतले. दिल्ली १९९७ मध्ये, म्हैसूर १९९९ मध्ये आणि मुंबई २००१ मध्ये नौदलात आली. कोलकाता वर्गाच्या तीन नौका २०१४ ते २०१६ या काळात, तर विशाखापट्टणम वर्गाच्या चार नौका २०२१ ते २०२५ या काळात दाखल झाल्या. यांतील शेवटची सुरत १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतच नौदलाच्या सेवेत रुजू झाली. १६३ मीटर लांबीच्या आणि ७,४०० टनांच्या या नौका वजनाने फुबुकीच्या चौपटीहून मोठ्या आहेत. त्यांच्यावर ब्रह्मोस क्षेपणास्त्रे आहेत, विमानांविरुद्ध बराक आहे, पाणबुड्यांविरुद्ध रॉकेट, पाणतीर आणि हेलिकॉप्टर आहेत. पाणतीरांच्या नळ्या फक्त चार, ५३३ मिलिमीटरच्या. आणि त्यांतून सुटणाऱ्या पाणतीराचे काम आता मुख्यतः पाणबुडी शोधून मारण्याचे आहे.